मास्कातली माया

शिंप्याला या सगळ्यातून काय मिळणार होतं, ते आधी बघू. बायको बरी होऊन घरी आली असती, तर दुकानातली काजं-बटणं पुन्हा सुरू झाली असती. तुरपाई, हुक, कॉलर उलटवणं, गिऱ्हाइकाला पाणी देणं, आणि गिऱ्हाईक फारच तापलेलं असेल तर, नवरा पडद्यामागे उभा असताना, "ते आत्ताच बाहेर गेलेत हो" असं डोळ्याला डोळा भिडवून सांगणं, ही सगळी कामं तिची. पाटीवर नाव त्याचं. पण मशीनवरून उतरलेला कपडा माणसाच्या अंगावर जाण्याजोगा व्हायचा तो तिच्या हाताखालून गेल्यावरच. ती घरी आली तर दुकान. नाही आली तर नुसतं मशीन.

सिस्टरला मिळायचं होतं ते याहून मोठं. तिला बदली हवी होती. तिची मुलगी दूरच्या गावी आजीपाशी वाढत होती, आणि गेल्या सुट्टीत सिस्टर दारात उभी राहिली तेव्हा पोरगी आत पळत जाऊन म्हणाली होती, "आजी, त्या आल्यात." आई नाही, मावशीसुद्धा नाही, त्या. बदलीचा अर्ज कधीचा वर पडून होता. आता वरून एक बाई येणार होत्या. आडगावच्या दवाखान्यांत ऑक्सिजन लावतात तो कसा लावतात, पेशंटचे नातेवाईक आणि दवाखान्यातली माणसं त्यावर समाधानी आहेत का, हे विचारायला. डॉक्टरसाहेब सिस्टरला म्हणाले होते, "बाई खूश होऊन गेल्या, तर तुमचा अर्ज मी स्वतः हातात घेऊन जातो."

मामांना काहीच मिळायचं नव्हतं. दवाखान्यात झाडूपासून सिलिंडरपर्यंत सगळं उचलणाऱ्या माणसाला मामा म्हणतात. मग तान्ह्या पोरापासून बोळक्या म्हाताऱ्यापर्यंत सगळेच त्याचे भाचे होतात, आणि भाचे काय देणार?

थंडी त्या वर्षी उठायचं नाव घेत नव्हती. मळणीचा भुसा दिवसभर हवेत तरंगायचा. शिंपिणीच्या छातीत कापडाच्या तुसांनी आधीच घर केलेलं होतं, त्यात सर्दी उतरली, मग ताप. एके दिवशी काज करता करता ती थांबली आणि म्हणाली, "अहो, जरा खिडकी उघडा." खिडकी उघडीच होती. शिंप्यानं तिला दुधाच्या गाडीत, कॅनच्या मधोमध बसवून दवाखान्यात आणलं.

वॉर्डाच्या खिडकीची एक काच फुटलेली होती आणि तिच्या जागी कुणाच्या तरी छातीची एक्स-रे फिल्म चिकटवली होती. सकाळचं ऊन त्या बरगड्यांतून आत यायचं. त्याच्या खालची खाट शिंपिणीला मिळाली. उशाशी सिलिंडर, सिलिंडरच्या तोंडाशी काचेची नळी, नळीत एक गोटी. गोटी जितकी वर तितका ऑक्सिजन जास्त. नळीच्या दुसऱ्या टोकाला मास्क. पुष्कळ तोंडं बघितलेला, धुऊन धुऊन कडा ताठ झालेला.

तो मास्क शिंपिणीच्या नाकाच्या दांडीत रुतायचा. तिथं वळ उठला, मग साल गेली. ती मास्क काढून हनुवटीवर घ्यायची.

"बाई, पुन्हा काढला?" सिस्टर दारातूनच ओरडायची.

"रुततो हो."

"रुतू दे. तुम्हाला श्वास हवाय का नाक हवंय?"

"दोन्ही एकाच जागी आहेत ना सिस्टर," शिंपीण म्हणायची, आणि एवढं बोलून तिला धाप लागायची.

सिस्टर तिच्या बोटाला चिमटा लावून बघायची. त्या चिमट्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दिसतो. मास्क तोंडावर असला की आकडा चढायचा, हनुवटीवर आला की घसरायचा. दिवसभर हेच: सिस्टर चढवायची, ती उतरवायची. वरून येणाऱ्या बाई यायच्या आणि त्यांना या खाटेवर उघडं तोंड दिसायचं, ही धास्ती सिस्टरला झोपू देत नव्हती.

शिंपी स्टुलावर बसून हे बघायचा. तेवढ्या दिवसांत त्यानं वॉर्डाच्या फाटक्या चादरी दुरुस्त केल्या होत्या, पडद्याला कड्या लावल्या होत्या, डॉक्टरसाहेबांच्या ॲप्रनचा खिसा बसवला होता. त्याबद्दल त्याला स्टाफच्या किटलीतला चहा मिळायचा आणि भेटीची वेळ संपली तरी कुणी उठवायचं नाही. पण बायकोच्या नाकावरचा वळ रोज वाढत होता, आणि आपल्या हातात सुई असताना तो वाढावा, हे त्याला सोसवेना.

"सिस्टर," तो म्हणाला, "मास्क जरा माझ्याकडे द्याल? तोवर तिला दुसरा लावा."

सिस्टरनं कपाटात होता तो एकुलता एक जादा मास्क तिला लावला आणि पहिला त्याच्या हातात दिला. शिंप्यानं पिशवीतून फ्लॅनेलचा तुकडा काढला. धुऊन धुऊन अगदी साय झालेलं कापड. त्याची पट्टी कापून त्यानं मास्कच्या कडेला आतून-बाहेरून गोल फिरवली आणि बारीक टाक्यांनी हातानं शिवत नेली. रबराची दोरी काढून रुंद मऊ पट्टा लावला. आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंना कापड दुमडून आत माया ठेवली.

शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. पुढेमागे माणूस अंगानं भरला तर उसवून सैल करता यावं म्हणून. वाईट शिंपी माया चोरतो. हा चांगला शिंपी होता. त्यानं भरपूर ठेवली.

बसल्या बैठकीला मास्क पुरा झाला, हे मुद्दाम सांगायला हवं. कारण शिंपिणीचं स्वतःचं कापड दुकानात कायम ढिगाच्या तळाशी असायचं. आधी वेळेवर येणाऱ्या गिऱ्हाइकांचं, मग भांडून गेलेल्यांचं, मग पुन्हा भांडायला आलेल्यांचं. "तुझं काय, घरचंच आहे," असं तो म्हणायचा, आणि घरचं कापड घडीवरच विरायचं.

"आजच दिलंत?" तिनं मास्क हातात घेऊन उलटसुलट बघितला. "एकही तारीख न देता?"

"घाल तर खरं. बसतोय का?"

"बसतोय."

"कुठं आवळत नाही ना?"

"नाही हो. आणि डोळ्यांवर अशी गार झुळूक येते. छान वाटतं."

शिंपी हसला. झुळूक कुठून येते, हे तिथं कुणी विचारलं नाही.

त्या दिवसापासून शिंपिणीनं मास्क काढला नाही, आणि आकडा चढलासुद्धा. न घातलेल्या मास्कपेक्षा घातलेला बरा, एवढाच त्याचा अर्थ होता; पण वॉर्डात तो अर्थ मोठा झाला. सिस्टरनं येईल त्याला ती खाट दाखवली. डॉक्टरसाहेब दोन दवाखाने सांभाळायचे आणि इथं दिवसाआड यायचे, तेही म्हणाले, "वा, शिंपीदादा, आम्हाला सुचलं नाही बघा." शिंप्याला इतकं कौतुक उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं. गिऱ्हाईक कपडा घालून आरशात बघतं, "ठीक आहे" म्हणतं आणि काखेत काचतंय हे घरी जाऊन बायकोला सांगतं; शिंप्याच्या कानावर पहिलंच तेवढं येतं.

सिस्टरला हुरूप आला. ऑक्सिजनवर आणखी एकच पेशंट होता, शेजारच्या खाटेवरचे पैलवान. तरुणपणी कुस्त्या मारलेला माणूस, आता छातीचा भाता झालेला आणि तोंड मात्र अजून आखाड्यात. तो जादा मास्क सिस्टरनं शिंप्याकडून त्यांच्यासाठी तसाच शिवून घेतला. पैलवानांनी तो लावला, दोन श्वास घेतले आणि भिरकावला.

"तोंडाला टोपडं बांधताय? मी काय तान्हं बाळ आहे? हिंदकळतंय ते. हवा माझ्या डोळ्यांत जातेय, नाकात नाही. माझा पहिलाच द्या, तो चावरा."

"काका, सगळ्यांना आवडलाय."

"मग सगळ्यांना द्या."

पैलवानांना खाट पसंत नव्हती, चहा पसंत नव्हता, डॉक्टरांनी नाडी धरण्याची पद्धतसुद्धा पसंत नव्हती. त्यामुळे ते खरं बोलले, तेव्हाही ते नेहमीसारखंच ऐकू आलं. सिस्टरनं त्यांचा चावरा मास्क परत दिला आणि शिंप्याकडे बघून डोळे मिचकावले.

पुढे काय घडत होतं ते फक्त पैलवानांना दिसत होतं. शिंपी चहाला बाहेर गेला, की शिंपीण पांघरुणातून हात काढून तळव्यानं मास्क चेहऱ्यावर दाबून धरायची. डोळे मिटून, विहिरीवर ओंजळीला तोंड लावून पाणी प्यावं तसा श्वास ओढायची. दारात त्याची चप्पल वाजली की हात पुन्हा पांघरुणात.

"सांग की त्याला," पैलवान म्हणाले.

"गप बसा काका."

"अगं, त्यातनं तुला काही मिळत नाहीये."

"मिळतंय," ती म्हणाली. मग बराच वेळ श्वास गोळा केला. "पहिल्यांदा वेळेवर दिलंय त्यांनी. आता त्यात खोट काढू?"

ताप हटत नव्हता. आकडा पुन्हा खाली येऊ लागला, तशी सिस्टरनं गोटी वर केली. आकडा थोडा चढला, पुन्हा उतरला. गोटी आणखी वर. बाई यायच्या त्या सकाळी मामा सिलिंडर पाठीशी घेऊन, तिरका करून, बुडाच्या कडेवर फिरवत फिरवत वॉर्डात आले आणि घाम पुसत म्हणाले, "सिस्टर, या बाई सिलिंडर पितात का त्यानं अंघोळ करतात?"

"म्हणजे?"

"पैलवानांचा आणि यांचा एकदमच लावला होता. पैलवानांचा अजून चाललाय. यांचा हा दुसरा, आणि तोही अर्धाच भरून आलाय."

"तिला जास्त लागतंय, म्हणून गोटी वर ठेवलीय. मामा, उचलायचा कंटाळा आला असेल तर सरळ सांगा."

"बरं," मामा म्हणाले आणि रिकामा सिलिंडर फिरवत निघून गेले.

पण ते बोलणं सिस्टरच्या डोक्यातून जाईना. तिनं चिमटा लावला. मग मास्क नीट करायला म्हणून शिंपिणीच्या तोंडाशी वाकली आणि तिच्या स्वतःच्या गालाला वारा लागला. गार, सरळ, चांगला जोराचा. फ्लॅनेलच्या दुमडीमुळे मास्कची कड गालावर टेकतच नव्हती. डोळ्यांखाली दोन्हीकडे फटी होत्या आणि सिलिंडरमधलं बहुतेक सगळं तिथून वॉर्डात चाललं होतं.

उसवायला कितीसा वेळ लागला असता? शिंपी शेजारीच होता, कात्री त्याच्या पिशवीत होती. सिस्टरनं तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात बाहेर गाडी वळल्याचा आवाज आला, आणि डॉक्टरसाहेब आत डोकावून म्हणाले, "आल्या. तो शिंप्याचा मास्क जरूर दाखवा."

सिस्टरनं गोटी पार वरपर्यंत नेली. एवढं होऊन जाऊ दे, मग उसवू, असं तिनं ठरवलं. माणसानं ठरवायला हरकत नाही असंच ते होतं.

बाई चांगल्या होत्या. हळू बोलायच्या, प्रत्येक खाटेशी थांबायच्या. त्यांनी मामांना विचारलं, "सिलिंडर वेळेवर मिळतात? काही त्रास? तुम्ही समाधानी आहात?"

मामांनी सिस्टरकडे बघितलं. "समाधानी आहे," ते म्हणाले.

पैलवानांच्या खाटेशी सिस्टर घाईनं म्हणाली, "काका झोपलेत."

"झोपलो नाही," पैलवान डोळे न उघडता म्हणाले. "पण मला विचारू नका. मी बोललो की चहा थंड येतो. या शेजारणीचा तो कापडी मास्क..."

"काकांना काहीच आवडत नाही हं," सिस्टर हसून म्हणाली. डॉक्टरसाहेब हसले. बाईही हसल्या, आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

"हाच का तो?" बाईंनी विचारलं. "कुणी शिवला?"

शिंपी स्टुलावरून उठून उभा राहिला होता. मान खाली, हात पाठीशी. शिंपिणीनं मास्क थोडा उचलला.

"ह्यांनी," ती म्हणाली.

"त्रास होत नाही ना आता?"

तिनं मान हलवली.

"तुम्ही समाधानी आहात?"

"पुष्कळ," ती म्हणाली. त्या एका शब्दाला तिला दोन श्वास लागले. बाईंना वाटलं, गहिवरून आलं. त्यांनी मास्कचा फोटो काढला, शिंप्याला नमस्कार केला, आणि मग डॉक्टरसाहेब त्यांना औषधांचं कोठार, नवी पाण्याची टाकी, मागची बाग असं सगळं दाखवत सुटले. सिस्टर बरोबर होती. मामा चहाच्या कपांमागे होते. बाग संपता संपत नव्हती, आणि बाईंना झाडांची आवड निघाली.

गाडी गेल्यावर सिस्टर जवळजवळ पळतच वॉर्डात आली. शिंप्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलीय," तो कुजबुजला. "किती दिवसांनी शांत लागलीय बघा."

गोटी तळाशी पडली होती. सिलिंडर संपला होता. शिंपिणीचे ओठ कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूसारखे झाले होते. सिस्टरनं तिला हलवलं, चिमटा लावला, आणि आकडा कुणाला दिसू नये म्हणून मूठ मिटली.

"मामा! सिलिंडर!"

मामा आणेपर्यंत, चावी फिरवेपर्यंत जो वेळ गेला, तो पुढे प्रत्येकानं वेगवेगळा सांगितला. वारा सुरू झाला. सिस्टरनं मास्क शिंपिणीच्या तोंडावरून ओढून शिंप्याच्या हातात दिला.

"उसवा. आत्ताच्या आत्ता उसवा."

"का? काय झालं?"

सिस्टरनं त्याचा हात धरला, मास्क त्याच्याच चेहऱ्यावर ठेवला आणि त्याचं बोट डोळ्याखालच्या फटीत घातलं. ते सरळ आत गेलं.

"इथं माया नको होती, दादा," ती म्हणाली.

शिंप्यानं कात्रीचं टोक टाक्यात घातलं. टाके निघेनात. या मास्कात कच्चं काम त्यानं केलंच नव्हतं. एकेक टाका दोनदा घेतलेला होता, दोरा मेण लावून ओढलेला होता. पैलवान खाटेवर उठून बसले. स्वतःचा मास्क काढून त्यांनी सिस्टरपुढे धरला.

"हा लावा तोवर. चावरा आहे, पण देतो."

शिंपिणीच्या तोंडावर तो मास्क घट्ट बसला. वळावर रुतला, तशी ती कण्हली, आणि ते कण्हणं ऐकून सगळ्यांना बरं वाटलं. पैलवान भिंतीला पाठ लावून, तोंड उघडं टाकून भात्यासारखे ओढत बसले होते. शिंपी उसवत होता. फ्लॅनेलची पट्टी शेवटी मांडीवर पडली तेव्हा त्याच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. उसवलेला मास्क सिस्टरनं पैलवानांना लावला.

संध्याकाळी शिंपिणीचा आकडा बराच वर आला होता. तिनं डोळे उघडले, पैलवानांचा मास्क चाचपला आणि नवऱ्याकडे बघितलं.

"कशाला उसवलात? बरा होता की."

"तुला कळत होतं?" शिंप्यानं विचारलं.

"काय?"

"वारा बाहेर जातोय ते."

आयुष्यभर त्याचे कच्चे टाके, चुकलेली मापं, वाकडे खिसे गिऱ्हाइकापुढे जायच्या आत तिनं गुपचूप सरळ केले होते.

"मला काय कळतंय शिवणातलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. एक्स-रेच्या फिल्ममधून येणारा उजेड तेव्हा खाटेवरून उतरून जमिनीवर आला होता.

डॉक्टरसाहेबांनी शिंप्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "फुप्फुसंच संपली होती. मास्क कुठलाही असता तरी आज ना उद्या हेच होतं." ते खरं असू शकतं. शिंप्यानं सिस्टरकडे बघितलं. सिस्टर सलाइनच्या बाटलीकडे बघत होती.

आता कुणाला काय मिळालं ते बघू. बाईंनी दवाखान्याबद्दल फार चांगलं लिहिलं. शिंप्याच्या मास्कचा फोटोही त्यात होता. डॉक्टरसाहेबांनी अर्ज स्वतः हातात घेऊन नेला, सिस्टरला बदली मिळाली. नव्या जागी ती ऑक्सिजनवरच्या प्रत्येक माणसाच्या तोंडाशी वाकते आणि मास्कच्या कडेला आपला गाल नेते. पेशंटचे नातेवाईक चपापतात; ती काही सांगत नाही. पैलवान आपल्या पायांनी घरी गेले आणि जाताना गाडीच्या सीटबद्दल तक्रार करून गेले. दवाखान्याला दोन नवे सिलिंडर मिळाले. ते वाहायला ढकलगाडी मात्र आली नाही. मामा समाधानी होते, समाधानी माणसाला ढकलगाडी कशाला?

शिंप्याकडे दुसऱ्या दोन दवाखान्यांची माणसं आली. तसे मास्क शिवून द्या म्हणाली. त्यानं मशीनवरून मान वर न करता सांगितलं, "ते काम इथं होत नाही." माणसं म्हणाली, फोटोत तर तुमचाच मास्क आहे. तो म्हणाला, "इथं होत नाही." गावात बोललं गेलं, की नाव झाल्यावर शिंप्याला शिंगं फुटली.

दवाखान्यात उपचार फुकट होते, तसं दारावरच रंगवलेलं आहे. कुणाला काही द्यावं लागलं नाही. डॉक्टरसाहेबांना समाधान मिळालं, बाईंना मिळालं, सिस्टरला आणि शिंप्याला काही दिवस. या सगळ्यांचं मिळून जे देणं झालं ते एकटीनं दिलं, आणि द्यायचं ते श्वासांत होतं. तेच तिच्याकडे मुळात कमी होते.